पोलिसांची ड्युटी: बारा तास की आठ?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चे कलम 28 रजेवर किंवा निलंबित नसलेल्या पोलिसाला कायम कर्तव्यावरच धरते. पाळी संपली असली तरी बंदोबस्ताचा फोन आला की निघावेच लागते. संघटना बांधायची तर पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणाऱ्या 1966 च्या कायद्याने परवानगी हवी. मग हातात उरतात ते ड्युटीचे तास.

बारा तासांच्या दोन पाळ्यांत कमी माणसांत भागते. पण कर्जतहून मुंबईत येणाऱ्या शिपायाचे लोकलमध्येच आणखी चार-पाच तास जातात. घरी पोचतो तेव्हा पोरं झोपलेली. 2016 मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांचा प्रयोग सुरू झाला. तीन पाळ्यांना मनुष्यबळ जास्त लागते, गणपतीत वेळापत्रक कोलमडते, हे मान्य. तरी माझा कौल आठ तासांनाच. त्यासाठी आधी रिक्त पदे भरा.