बीएलडीसी पंखा: आठ महिने, तीन खोल्या आणि मीटरच्या लाल दिव्याचा हिशेब

विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी ३२०० इम्प/केडब्ल्यूएच किंवा असाच एखादा आकडा छापलेला असतो. अर्थ सरळ आहे: दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळलं. फ्रिज, वायफायचा डबा, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, सगळ्यांचे स्विच बंद करा, फक्त एक पंखा फुल्लवर ठेवा आणि दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॉट मिळतात. ७५ वॉटच्या जुन्या पंख्याला दिवा १५ सेकंदांनी लुकलुकतो, २८ वॉटच्या बीएलडीसीला, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरच्या नव्या पंख्याला, ४० सेकंदांनी. मीटरवर ३२०० ऐवजी १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या. खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे असं घरबसल्या पाच मिनिटांत कळतं. घरात बसवलेल्या तीन बीएलडीसी पंख्यांच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा खरा निघाला.

तिन्ही पंखे १२०० मिमी व्यासाचे. एक हॉलमध्ये, दोन बेडरूममध्ये. ऑक्टोबर हीटला लावले, आता मे संपत आला, म्हणजे थंडीही झाली आणि कडक उन्हाळाही. दोन पंख्यांना साधा इन्फ्रारेड रिमोट आहे, एकाला आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींवर चालणारा. दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत. नावं मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी कुठल्याही बीएलडीसी पंख्याला लागू आहेत. आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्गने हा प्रकार आपल्याकडे घराघरांत नेला. आज जवळपास प्रत्येक मोठी कंपनी असे पंखे विकते.

वीज एवढी कमी कशी लागते? साध्या पंख्याच्या फिरणाऱ्या भागात चुंबक नसतो. आतल्या वायंडिंगमुळे त्या भागात आधी विद्युतप्रवाह निर्माण व्हावा लागतो आणि मग तो फिरतो. हा प्रवाह बराचसा उष्णतेत जातो. मे महिन्यात तास-दोन तास चाललेला जुना पंखा बंद करून त्याच्या मधल्या डब्याला हात लावा, चांगलाच चटका बसतो. हवा ढकलण्याऐवजी खोलीच तापवायला गेलेली वीज ती हीच. बीएलडीसीत बाहेरच्या फिरणाऱ्या कवचात कायमचे चुंबक बसवलेले असतात. आतला सर्किट बोर्ड २३० व्होल्टचा एसी आधी डीसी करतो आणि मग तीन वायंडिंगना एकामागून एक अशी वीज देतो की चुंबक त्यांच्या मागे ओढले जातात. फिरणाऱ्या भागाला स्वतःचा प्रवाह लागतच नाही. दुपारभर पाचवर चालूनही डबा जेमतेम कोमट असतो.

पण खरी गंमत खालच्या वेगांना आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याला लागणारी ताकद साधारण आठव्या हिश्श्यावर येते. बोर्ड वेग नेमका सांभाळतो, त्यामुळे हा नियम इथे जवळजवळ पुस्तकात असतो तसाच दिसतो: एकवर ६ वॉटच्या आसपास, दोनवर १०, तीनवर १४, चारवर १९, पाचवर २८. एकवर ठेवला तर मीटरचा दिवा तीन मिनिटांनी एकदा लुकलुकतो. जुन्या काळचा मोठा, गरम होणारा रेग्युलेटर असलेल्या पंख्यात वेग कमी केला तरी वीज फारशी वाचत नाही. ती रेग्युलेटरमध्येच जळते. नवा, लहान इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर थोडी वाचते, म्हणून पंखा कायम दोन-तीनवर चालवणाऱ्या घरात बचत जाहिरातीतल्यापेक्षा कमीच दिसणार.

पैशांचं गणित हेच ध्यानात ठेवून करावं. फुल्लवर दिवसाला १५ तास चालणाऱ्या हॉलच्या पंख्याचे ४७ वॉट वाचले, तर महिन्याला २१ युनिट होतात. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला टप्पे आहेत, आणि वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतं. म्हणून बिलातला सरासरी दर न धरता शेवटच्या टप्प्याचा दर धरा. साध्या आणि या पंख्याच्या किमतीत १२००-१५०० रुपयांचा फरक असेल, तर हॉलचा पंखा एक-दीड उन्हाळ्यात तो फेडतो. रात्री आठ तास तीनवर चालणाऱ्या पंख्याला दोन-तीन वर्षं लागतील. घरातले सगळे पंखे एकदम बदलण्यात अर्थ नाही. सर्वांत जास्त चालतो तो आधी बदला.

इन्व्हर्टर असलेल्यांना मात्र फरक पहिल्याच दिवशी कळतो. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. बॅटरी पूर्ण पिळायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही खातो, त्यामुळे हातात १००० च्या आसपास येतात. तीन जुने पंखे २२५ वॉट घेतात, म्हणजे जेमतेम साडेचार तास. हे तीन पंखे ८४ वॉट घेतात. इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरून १०० म्हणा, तरी दहा तास. रात्री अकराला गेलेली वीज सकाळपर्यंत आली नाही तरी झोपमोड होत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर जुने पंखे जी घूंऽऽ अशी घरघर करतात, तीही इथे नाही. बोर्ड आलेली वीज आधी डीसी करून घेतो, मग ती लाट गोल होती की चौकोनी याचा मोटरला पत्ताच लागत नाही. कमी व्होल्टेजचंही तेच. गावाकडे संध्याकाळी १७०-१८० व्होल्टवर साधा पंखा पेंगायला लागतो. हा त्याच वेगाने फिरत राहतो.

आता बसवण्याबद्दल. घोटाळे सगळे इथेच होतात.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाका. तो नुसता पाचवर ठेवून भागवू नका. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आतल्या कंडेन्सरमधून वीज कमी करून सोडतो. घरातल्या कुणी तो चुकून तीनवर फिरवला, तर बोर्डाला अर्धवट, तुटक वीज मिळते. पंखा सुरू होतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आणि या उचक्यांत बोर्ड जातो. वायरमनला स्पष्ट सांगा: स्विचवरून फेज थेट पंख्याला, रेग्युलेटरच्या जागी कोरी पट्टी. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, एवढ्याच तीन वायरी. जुन्या पंख्याच्या कपात असतो तसला कंडेन्सर यात नसतो, तेव्हा तो शोधायचा नाही आणि जुना काढून बसवायचा तर मुळीच नाही. मोटरकडून बोर्डाकडे येणाऱ्या तीन वायरींना टेस्ट लॅम्प लावून ‘वायंडिंग चेक’ करण्याची सवय अनेकांना असते. त्या वायरींना थेट २३० व्होल्ट दिले की बोर्ड कामातून गेला.

बाकी कुठल्याही पंख्यासारखंच: हूकवर रबरी बुश नीट बसलेलं, बोल्टला स्प्लिट पिन घालून दोन्ही टोकं वाकवलेली, छतापासून पाती फूटभर खाली. फार वर चिकटवला तर पंख्याला वरून हवा ओढायला जागा राहत नाही, आणि मग ‘बीएलडीसीला वारा कमी’ अशी तक्रार होते. पाती तीनच्या संचात वजन जुळवून येतात, त्यामुळे एका खोक्यातली पाती दुसऱ्या पंख्याला लावू नका. पंखा डुलत असेल तर प्रत्येक पात्याचं टोक छताच्या एकाच जागेखाली आणून अंतर मोजा. फरक पाच मिलिमीटरच्या वर असेल, तर पात्याचा धारक वाकलेला आहे. हॉलच्या पंख्यात आठ मिलिमीटरचा फरक निघाला. धारक हलक्या हाताने सरळ केल्यावर डुलणं थांबलं.

काही वागणूक सुरुवातीला बिघाडासारखी वाटते, पण तो बिघाड नसतो. चालू करताना पंखा किंचित मागे जातो, क्षणभर थबकतो आणि मग पुढे फिरू लागतो: चुंबक नेमके कुठे आहेत हे बोर्ड आधी चाचपतो. खिडकीच्या वाऱ्याने पाती आधीच फिरत असतील, तर हे चाचपणं लांबतं. पुसताना पातं हाताने फिरवलं तर ते मऊ न फिरता टप्प्याटप्प्याने अडतं. बेअरिंग खराब नाही, चुंबक आतल्या वायंडिंगच्या लोखंडी दातांना धरतात. एक-दोनवर, शांत रात्री, अगदी बारीक सूंऽऽ असा आवाज एका पंख्याला येतो, दुसऱ्याला अजिबात नाही. हा मोटरचा नसून बोर्डाच्या प्रतीचा फरक आहे: वीज गोलाईने सोडणारा बोर्ड गप्प असतो, खटाखट तोडून सोडणारा कुजबुजतो. दुकानात पंखा फुल्लवर दाखवतात. तुम्ही एकवर लावायला सांगा आणि कान द्या.

रिमोटबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण रोजचा संबंध त्याच्याशी येतो. इन्फ्रारेड रिमोट पंख्याकडे रोखावा लागतो आणि एकाच हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन पंखे असतील, तर एका रिमोटने दोन्ही हलतात. दोन्हींचा वेग सारखाच हवा असेल तर सोय, नाहीतर रोजचा वैताग. मोठ्या हॉलला आरएफ रिमोट किंवा वायफायचं मॉडेल घ्या. आरएफला जोडी लावावी लागते: स्विच बंद, पुन्हा चालू, आणि काही सेकंदांत पुस्तिकेत दिलेलं बटण दाबून धरायचं. नवा रिमोट आणलात की पुन्हा हेच. पंख्याच्या तळाशी असलेला बारीक दिवा रात्री डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावू नका. इन्फ्रारेडचा डोळा बहुतेक तिथेच असतो. स्लीप मोड चांगला आहे, ठरावीक तासांनी वेग एकेक पायरी उतरवतो. पण मध्ये वीज गेली तर तो विसरला जातो. आणि घरात रिमोटला कंटाळणारी वडीलधारी माणसं असतील, तर भिंतीवर स्वतःचं कंट्रोल येणारं मॉडेल बघा, किंवा स्विच पटकन बंद-चालू करून वेग बदलणारं. नाहीतर त्यांना पंखा असून नसल्यासारखा होतो.

आता दुखणं. या पंख्याची मोटर बिघडण्याची शक्यता कमी. जातो तो बोर्ड. या आठ महिन्यांत तीनपैकी एकाचा गेला, एप्रिलमधल्या वळवाच्या पावसात, विजा चमकत असताना. लक्षणं ठरलेली: बीप येतो, पातं थोडं हलतं आणि थांबतं, किंवा काहीच होत नाही. कारणंही ठरलेली. विजेच्या लाटेने, किंवा खांबावरचं न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्टच्या आसपास वीज आली, तर साधा पंखा बहुतेकदा जोरात फिरतो आणि वाचतो; इथे बोर्डावरचे भाग पहिल्यांदा बळी पडतात. दुसरं कारण हळूहळू येणारं: बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात. तिसरं म्हणजे कपात शिरणाऱ्या पाली. वॉरंटीत होता म्हणून बोर्ड फुकट बदलून मिळाला, पण सर्व्हिसवाला यायला अकरा दिवस लागले, तेही मेच्या तोंडावर. साधा पंखा गल्लीतला वायंडिंगवाला संध्याकाळपर्यंत चालू करून देतो. याच्यासाठी कंपनीचाच बोर्ड लागतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी स्टार मोजण्याआधी सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते विचारावं.

वॉरंटीचं कार्डही बारकाईने वाचा. अनेकदा मोठ्या अक्षरांतली वर्षं मोटरची असतात आणि बोर्ड-रिमोटची कमी. यात उलटं हवं. जो भाग जातो त्याची वॉरंटी मोठी हवी. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, पण स्टार म्हणजे दर वॉटमागे मिळणारी हवा. एकूण हवा नव्हे. कमी वॉटमध्ये कमी वारा देणाऱ्या पंख्यालाही पाच स्टार मिळू शकतात. लेबलवर ‘घनमीटर प्रति मिनिट’ हा आकडा शोधा. आपल्या उन्हाळ्याला १२०० मिमीच्या पंख्यात तो २२० च्या खाली नको.

पावसाळ्यापूर्वीची दोन कामं: मेनजवळ सर्ज प्रोटेक्टर (विजेची अचानक आलेली लाट अडवणारं उपकरण) बसवून घ्या, आणि गडगडाट सुरू झाला की पंखा रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या स्विचने बंद करा. रिमोटने बंद केलेला बोर्ड विजेला जोडलेलाच राहतो. पुसायला शिडी लावलीच आहे, तर स्विच बंद करून कप खाली सरकवा, पालींसाठी उरलेली फट बघा आणि बोर्डावर छापलेल्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. बदली बोर्ड मागवताना पहिल्यांदा तोच विचारतात.