फ्लूचं इंजेक्शन घ्यावं का, आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या क्लिनिकचा आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आधी निकाल सांगते, पुराण नंतर. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल, शुगर, दमा, हार्टचं काही असेल, कोणी गरोदर असेल किंवा पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर घ्या, आणि पावसाळा लागायच्या आधी घ्या. तिशी-चाळिशीतल्या ठणठणीत माणसाने नाही घेतलं तर आभाळ कोसळत नाही, पण घरात म्हातारी माणसं असतील तर ऑफिसातून, शाळेतून, भाजीबाजारातून घरात आजार आणणारे आपणच असतो, त्यामुळे मी आणि नवऱ्याने पण टोचून घेतलं.

सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगर जुनी. गेल्या पावसाळ्यात आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये एक घर असं नव्हतं की जिथून खोकल्याचा आवाज येत नव्हता, आणि आईंनी तो ताप नेहमीप्रमाणे अंगावर काढला, मग शुगर वाढली, मग छातीत कफ, मग अॅडमिट. तेव्हाच डॉक्टर म्हणाले पुढच्या वर्षी पावसाच्या आधी फ्लूची लस द्या. बाबांना म्हणजे सासऱ्यांना हे अजिबात पटलं नाही. "सुंठ-गवती चहाचा काढा घ्या, आम्ही जन्मात असली इंजेक्शनं घेतली नाहीत" हे त्यांचं ठरलेलं. आईंचा मुद्दा जरा जास्त बरोबर होता, "समोरच्या वहिनींनी घेतलं होतं, तरी त्यांना सर्दी झालीच की गं."

तर होणारच. ही लस इन्फ्लुएंझाची आहे, साध्या सर्दीचे व्हायरस वेगळेच असतात, त्यांच्यावर ती काही करत नाही. आणि फ्लूवर सुद्धा शंभर टक्के नाही. ज्या वर्षी लसीतले स्ट्रेन (म्हणजे व्हायरसचे उपप्रकार) बाहेर फिरणाऱ्या व्हायरसशी नीट जुळतात त्या वर्षी फ्लूने आजारी पडून दवाखाना गाठायची शक्यता साधारण ४० ते ६० टक्के कमी होते, एवढंच. ऐकायला कमी वाटतं, पण तिचं खरं काम म्हणजे झालाच तर न्यूमोनिया आणि अॅडमिटपर्यंत जायची शक्यता कमी करणं, आणि गेल्या वर्षीचं हॉस्पिटलचं बिल ज्याने भरलंय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. काढा प्यायला काही हरकत नाही, बाबा पितातच, लस घेऊन पण पितात (हो, शेवटी त्यांनीही घेतली, आई एकट्या नको म्हणाल्या म्हणून).

दरवर्षी का, तर हा व्हायरस सारखा रूप बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा कोणते स्ट्रेन घालायचे ते ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि एक छोटी लाट जानेवारी ते मार्चमध्ये असते. म्हणून एप्रिल-मे-जूनमध्ये घेताना बॉक्सवर चालू वर्षाची दक्षिण गोलार्धाची लस आहे का ते बघायचं, गेल्या हिवाळ्यातला उरलेला माल नको. २००९ चा स्वाइन फ्लू आठवत असेल, देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला होता आणि इकडे नाशिकमध्ये पण लोक रुमाल बांधून फिरत होते. तो व्हायरस, एच१एन१, कुठे गेलेला नाही, दरवर्षीच्या फ्लूत मिसळून गेलाय, आणि या लसीत तो असतोच. वेगळी "स्वाइन फ्लूची लस" म्हणून कोणी जास्त पैसे सांगितले तर उठून या.

आता क्लिनिक. खरं तर आधी आम्ही घराजवळच्याच एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. तिथे ज्या फ्रीजमधून लस काढत होते त्याच्या दारात पाण्याच्या बाटल्या आणि कोणाचा तरी डबा. बॉक्स दाखवा म्हटलं तर "ताई, सगळं सारखंच असतं." उठलो. ही लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते, गोठली तर वाया, तापली तर वाया, आणि वाया गेलेली लस दिसायला अगदी तशीच असते, म्हणजे पैसे देऊन आपण काय टोचून घेतलं ते कळायला काही मार्गच नाही. दर पाच दिवसाला लाइट जाणाऱ्या गावात मला तरी हाच सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो.

गंगापूर रोडवाल्यांकडे हे बघून बरं वाटलं. लसींचा फ्रीज वेगळा, त्यात फक्त लसी, बाहेर तापमानाचा डिजिटल आकडा (आम्ही गेलो तेव्हा ४.६), बाजूला दोरीने बांधलेलं पेन आणि वही, त्यात सकाळ-संध्याकाळचं तापमान सही करून लिहिलेलं. लाइट गेल्यावर काय करता विचारलं तर इन्व्हर्टर दाखवला, कपाळाला आठी न घालता. सिस्टरने बॉक्स आईंच्या हातात दिला, एक्स्पायरी वाचायला लावली, मग आमच्यासमोर फोडला, आत भरलेलीच सिरिंज असते. "आजी हात सैल सोडा, माझ्याकडे बघा, कुठल्या तुम्ही मूळच्या?" आईंचं "निफाडच्या" म्हणून होईपर्यंत टोचून झालं होतं. नंतर अर्धा तास बसवून ठेवलं, रिअॅक्शन आली तर समोर असावं म्हणून, आणि कार्डावर बॅच नंबरचं स्टिकर लावून दिलं.

टोचायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं ते पण लिहिते, कारण सगळीकडे विचारत नाहीत. आत्ता ताप आहे का, आधी कुठल्या लसीची जोरात रिअॅक्शन आली होती का, अंड्याची अॅलर्जी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि कधी गियाँ-बारे (नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) झाला होता का. अंगात ताप असेल तर उतरल्यावर या म्हणतात. लहान मुलांचं वेगळं असतं, सहा महिन्यांपासून देता येते, पण आठ वर्षांपर्यंतचं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, माझ्या नणंदेला हे तिच्याकडे कोणी सांगितलंच नव्हतं.

खर्च ब्रँडप्रमाणे माणशी दीड ते दोन हजारांच्या आसपास, चौघांचं म्हणजे चांगलंच बिल. इथे एक सांगते, "चार स्ट्रेनवाली भारी, तीनवाली जुनी" असं ऐकून घाबरू नका. फ्लूच्या बी प्रकारातला यामागाता नावाचा स्ट्रेन, म्हणजे चारवालीतला चौथा, मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही, म्हणून आता तीन स्ट्रेनचीच शिफारस आहे. चारवाली मिळाली तरी बिघडत नाही, फक्त चौथ्यासाठी जादा पैसे मोजू नका. हे मला त्यांच्याच डॉक्टरांनी सांगितलं, त्यांच्याकडे दोन्ही होत्या तरी, म्हणून तो एक स्टार माझ्याकडून पक्का. परवडत नसेल तर गरोदर बायकांना आणि शुगर-बीपीवाल्यांना सरकारी दवाखान्यात मोफत द्यायची सोय राज्य सरकारने केलेली आहे, पण साठा असेल तरच, आधी चौकशी करून जा.

नंतर काय झालं तर माझा दंड दोन दिवस दुखला, आईंना रात्री कणकण आली, पॅरासिटामॉल घेतली, सकाळी नेहमीसारख्या देवपूजेला. लसीमुळेच फ्लू होतो हे खोटं, आत मेलेला व्हायरस असतो, तो काय आजारी पाडणार. पण अंगात ताकद तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जायचं आणि रविवारी टोचून घ्यायचं असं चालत नाही. २०२७ च्या सिंहस्थाची मोठी स्नानं पण ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, फ्लूचा जोर आणि रामकुंडावरची गर्दी एकदमच, तेव्हा त्या वर्षी तर जूनमध्येच उरकून टाकणार आहोत.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. व्हॉट्सअॅपवर साडेदहाची अपॉइंटमेंट देतात आणि साडेदहाला तिथे जत्रा असते, लहान मुलांच्या लसी आणि मोठ्यांच्या एकाच रांगेत, रडारड वेगळी. न्यूमोनियाची लस पण घ्या म्हणून जरा मागे लागले होते, ती दरवर्षी घ्यावी लागत नाही आणि आईंच्या वयाला सांगतातच, पण महाग आहे, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून ठरवू म्हटलं तर लगेच गप्प बसले. जिना आहे, लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांना त्रास. गाडी मागच्या गल्लीत लावा, समोर लावली तर उचलून नेतात, आणि दुपारी एक ते पाच बंद असतं.