तुळस-आलं, चहामसाला आणि काढ्याची पाकिटं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे ते डिसेंबर असे आठ महिने पाच प्रकारची पाकिटं रोज वापरून, वजन करून, पुन्हा पुन्हा चाखून हे लिहीत आहोत. तुळस-आल्याच्या टीबॅग, दुधाच्या चहाचा तयार मसाला, ज्येष्ठमध-दालचिनी-बडीशेप-गवती चहाचं सुटं मिश्रण, काढ्याची पूड आणि ‘डिटॉक्स’ लिहिलेला एक डबा. तुलनेला घरी कुटलेला मसाला आणि कुंडीतली गवती चहाची ताजी पात होती. कंपन्यांची नावं देत नाही. जे दोष दिसले ते त्या त्या प्रकारातच मुरलेले आहेत, कोणाचंही पाकीट घेतलं तरी तपासावे लागतील असे.

सगळ्यात कामाची गोष्ट आधी. मसाल्याचा वास उडून जातो आणि तिखटपणा मागे राहतो. वेलची, तुळस, पात यांचा वास उडणाऱ्या तेलांचा असतो. डबा उघडल्या दिवसापासून ती तेलं जायला लागतात. सुंठीतलं शोगाओल आणि मिऱ्यातलं पायपरीन हे तिखटपणा देणारे घटक मात्र सहजी उडत नाहीत. त्यामुळे तीन महिने उघडून ठेवलेला मसाला घशाला पहिल्याइतकाच लागतो, नाकाला मात्र जवळजवळ काहीच पोचत नाही. घराघरांत याला ‘मसाला कडक आहे’ म्हणतात. मग चहाला चव येत नाही म्हणून चमचा वाढतो, चहा आणखी उग्र होतो आणि वास तरीही येत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या अभिप्रायांत हे कळणं शक्यच नसतं, म्हणून एवढे दिवस थांबलो.

चाखायची पद्धत सांगतो, कारण साखर-दूध घालून चाखलं तर चांगलं-वाईट सगळं सारखंच लागतं. चहा तपासण्याची आयएसओ ३१०३ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, १९८० साली पहिल्यांदा आलेली. १०० मिलि उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, झाकण घालून ६ मिनिटं. ती खऱ्या चहापत्तीसाठी आहे. पाला, मुळं आणि साली यांना ती जशीच्या तशी चालत नाही. पाल्याला २०० मिलिला २ ग्रॅम आणि झाकून ७ मिनिटं पुरतात. सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनीचे तुकडे असतील तर मंद आचेवर झाकून १० मिनिटं उकळावे लागतात. आयुर्वेदात फांट (गरम पाण्यात झाकून मुरवलेला) आणि क्वाथ (उकळून केलेला काढा) वेगळे का ठेवलेत ते इथे कळतं. पाल्याचा फांट करायचा, मुळा-सालींचा काढा.

पांढरी वाटी घ्या, म्हणजे रंग कळतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. चमचा फसवतो, कारण भरड पूड आणि वस्त्रगाळ पूड एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाची बसते. पाणी नळाचं किंवा गाळलेलं, सगळ्या वाट्यांना एकच. बोअरच्या जड पाण्यात रंग गढूळ होतो आणि वर तवंग येतो, त्याचा दोष पाकिटाला देऊ नका. कप जरा निवला की आधी वास घ्या, मग चांगला आवाज करून भुरका मारा. भुरक्याने हवा आत जाते आणि वास घशामागून नाकात चढतो. लवंग आणि मिरी ज्यात आहे ते शेवटी ठेवा, कारण लवंगेतल्या युजेनॉलने जीभ बधिर होते आणि पुढच्या दोन वाट्या वाया जातात. मध्ये कोमट पाणी आणि दोन-चार चुरमुरे. चाखायची दुसरी फेरी चहा पूर्ण गार झाल्यावर. गरम असताना झाकला गेलेला कुबटपणा आणि मातकटपणा गार चहात हटकून वर येतो.

आता टीबॅग. एक पिशवी फाडून पांढऱ्या बशीत पसरली की बरंच कळतं. आमच्या डब्यातल्या पिशवीत दीड ग्रॅम माल होता. हिरवट-काळपट पाल्याचा चुरा, त्यात फिक्या रंगाच्या काड्या आणि सुंठीचे पिवळट धागे. काड्या बोटाने बाजूला केल्या तर जवळजवळ एक तृतीयांश ढीग त्यांचाच निघाला. तुळशीची काडी वजन देते, वास फारसा देत नाही. जाहिरातीत पानाचा फोटो असतो, काडीचा कुठेच नसतो.

दुसरी अडचण रचनेतच आहे. तुळशीला ५-७ मिनिटांचं झाकण पुरतं, सुंठीला उकळी लागते. एका पिशवीत दोघांना बसवायचं तर सुंठ अगदी बारीक दळावी लागते, म्हणजे ती गरम पाण्यात लगेच उतरते. पण बारीक दळलेल्याचा वास लवकर जातो. मे महिन्यात पहिल्या डब्यातला कप खरोखर चांगला होता, तुळशीचा लवंगेसारखा गंध आधी आणि आल्याची ऊब नंतर. त्याच डब्यात कागदी पाकिटात सुट्या उरलेल्या पिशव्यांचा ऑगस्टमधला कप म्हणजे फक्त आल्याचं गरम पाणी. प्रत्येक पिशवी वेगळ्या चंदेरी पाकिटात बंद असलेला दुसरा डबा ऑक्टोबरपर्यंत नीट राहिला. डबा घेताना हे वेगळं पाकीट आहे का, एवढं जरूर बघा. २५ पिशव्यांचा डबा १५० रुपयांना पडला तर कपाला ६ रुपये होतात. त्यात वासच नसेल तर ते ६ रुपये गरम पाण्याचे.

वरून सुगंध फवारला आहे का ते ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. त्याच पिशवीवर दुसऱ्यांदा उकळतं पाणी ओता. खरं आलं आणि खरी तुळस दुसऱ्या पाण्यातही थोडी उतरतात. फवारलेला वास पहिल्या पाण्यातच संपतो. डबा उघडताच घमघमाट, कपात मात्र वास वरवरचा आणि दुसरं पाणी अगदी फिकं, असं दिसलं तर घटकांची यादी पुन्हा वाचा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ‘वेलची चहा’ म्हणून घेतलेल्या पाकिटावर वेलची शेवटून दुसरी असेल तर वेगळं काही विचारायला नको.

तयार मसाल्यात सुंठ आणि मिऱ्याचं प्रमाण जास्त आढळलं, वेलची कमी. कारण उघड आहे, वेलची महाग. तुलनेसाठी घरी केलेला मसाला १०० ग्रॅमचा: सुंठ ५० ग्रॅम, सालीसकट वेलची २५, मिरी १०, दालचिनी ८, लवंग ५, जायफळ २. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्या, नाहीतर तिचे धागे मिक्सरच्या पात्याला गुंडाळले जातात. मिक्सर थांबून-थांबून फिरवा. पूड गरम झाली की वास तिथेच भांड्यात उडतो. दळलेली गरम पूड तशीच डब्यात बंद केली तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि आठवड्यात गाठी होतात. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. दोन कपांना अर्धा ग्रॅम, म्हणजे साधारण पाव लहान चमचा, पुरतो. यापेक्षा जास्त लागत असेल तर मसाला जुना आहे.

लवंग आणि वेलची घेताना अर्क काढलेला माल टाळा. चांगली लवंग पाण्यात बुडते किंवा डोकं वर करून उभी राहते आणि नखाने दाबली की तेल सुटतं. तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. वेलचीचं बोंड हलकं, सुरकुतलेलं आणि आतले दाणे तपकिरी-कोरडे असतील तर ती नुसती साल विकत घेतल्यासारखी. चांगल्या दाण्याला किंचित चिकटपणा असतो.

वेलची आणि पात उकळत्या चहात सुरुवातीला घालण्याची सवय फार दिसते. त्याने घरभर वास सुटतो आणि कपात उरत नाही. पाणी, सुंठ किंवा आलं, मग पत्ती, मग दूध, शेवटची उकळी आली की वेलचीची पूड, लगेच गॅस बंद आणि दोन मिनिटं झाकण, असा क्रम ठेवा. ओलं आलं घालत असाल तर ते पाण्यातच ३-४ मिनिटं नीट उकळा. ताज्या आल्यात दुधातलं प्रथिन फोडणारा पाचक घटक असतो. कोमट दुधात किसलेलं आलं पडलं की दूध फाटतं आणि दोष दूधवाल्याला लागतो. उकळीने तो घटक मरतो. सुंठीचा हा त्रास फारसा होत नाही.

सुट्या मिश्रणाने सगळ्यात जास्त समाधान दिलं, कारण त्यात लपवायला जागा नसते. गवती चहाची पात हिरवट राहिलेली हवी. पिवळी पडलेली पात वैरणीसारखी लागते, लिंबाचा वास देणारं सिट्रल त्यातून गेलेलं असतं. दालचिनीचा तुकडा जाड, कडक आणि एकाच वळणाचा असेल तर तो कॅसिया. पातळ, कागदाच्या घड्यांसारखे अनेक पदर एकात एक गुंडाळलेले असतील तर सिलोनची. कॅसिया जास्त झणझणीत आणि स्वस्त असते, म्हणून पाकिटात बहुधा तीच मिळते. अधूनमधून प्यायला हरकत नाही. पण तिच्यात कुमारीन नावाचं नैसर्गिक रसायन बरंच असतं आणि ते जास्त प्रमाणात यकृताला त्रासदायक ठरू शकतं. रोज दोन-तीन कप पिणाऱ्यांनी सिलोनची घ्यावी, तिच्यात ते नाममात्र असतं.

ज्येष्ठमधाची गोडी उशिरा येते आणि घोट गिळल्यावरही घशात रेंगाळते. त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या साधारण ५० पट गोड असतं. ‘साखर नाही’ असं लिहिलेल्या चहाची गोडी अनेकदा याचीच असते, ती ओळखता आली पाहिजे. कारण रोज आणि भरपूर ज्येष्ठमध घेतल्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे मिश्रण रोजचं करू नये.

काढ्याच्या पुडीबद्दल. आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सुचवलेल्या आयुष क्वाथाचं प्रमाण तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरी १ असं आहे, १५० मिलि उकळलेल्या पाण्यात ३ ग्रॅम. प्रमाण चांगलं आहे, चवही जमते. बिघडतं ते दळण. वस्त्रगाळ पूड गाळणीतून खाली उतरते आणि दालचिनीमुळे तळाशी बुळबुळीत साका धरतो. शेवटचे दोन घोट पिववत नाहीत. त्यापेक्षा भरड घ्या किंवा घरीच तसं कुटा आणि सुती फडक्यातून गाळा. पितळी पातेल्यात करणार असाल तर कल्हई शाबूत आहे का बघा. लिंबू पिळायचं असेल किंवा अंबाडीची लाल बोंडं घालायची असतील तर स्टीलच बरं.

‘अश्वगंधायुक्त’ असल्या शब्दांचा हिशेब स्वतः करून बघा. २ ग्रॅमच्या पिशवीत अश्वगंधा ५ टक्के असेल तर ती ०.१ ग्रॅम झाली. अश्वगंधा चूर्णाची शास्त्रोक्त मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. शिवाय तिचा वास तिच्या नावातच आहे आणि तो सहज लपत नाही. चहा नुसता व्हॅनिलासारखा गोड दरवळत असेल तर अश्वगंधा फक्त छापलेली आहे असं समजायला हरकत नाही. ‘इम्युनिटी’च्या मिश्रणात गुळवेल असेल तर तिचा कडवटपणा जिभेच्या मागच्या भागावर बराच वेळ राहतो, तेव्हा ती ओळखू येते. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या मुंबईतल्या ६ रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. यकृताचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

डिटॉक्सचा डबा दहा दिवसांत बंद केला. यादीत सोनामुखी होती. सोनामुखी रेचक आहे. त्याने वजनकाट्यावर जे कमी दिसतं ते पाणी आणि मळ, चरबी नव्हे. रोज घेतली तर पोटात कळा येतात, क्षार जातात आणि आतड्याला तिची सवय लागू शकते. चवीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

साठवणीचं थोडं. जून ते सप्टेंबर हा खरा कसोटीचा काळ, कोकणात तर विशेष. मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा पंधरा दिवसांपुरता मसाला छोट्या काचेच्या बरणीत काढा, बाकीचा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात अंधारात ठेवा. चमचा कोरडा हवा आणि उकळत्या पातेल्यावर डबा धरून मसाला टाकू नका, वाफ सरळ आत शिरते. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर डबा बाहेर आल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही. गाठी धरल्या आणि कुबट वास आला तर वाळवून वापरण्याच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या.

आठ महिन्यांनंतर घरात उरलंय ते असं: पाहुण्यांसाठी वेगळ्या पाकिटांत बंद असलेल्या टीबॅग, सुटं मिश्रण ज्येष्ठमध वगळून, आणि दर महिन्याला ५० ग्रॅमच कुटला जाणारा घरचा मसाला. तयार मसाला घ्यायचाच तर ५० ग्रॅमपेक्षा मोठी बरणी घेऊ नका, दळल्याची तारीख दोन महिन्यांच्या आतली बघा आणि पहिला कप बिनदुधाचा, बिनसाखरेचा करून चाखा.