डान्स मॅट, तांब्याची पट्टी आणि उद्यमनगर

आधी निकाल सांगते, मग रामायण. यूएसबीवर चालणारी मऊ डान्स मॅट, म्हणजे पायानं बाण दाबत खेळायची चटई, घरात जरूर घ्यावी, पण ती उसवून दुरुस्त करायची हौस असेल तरच. दोन हजारांच्या आतल्या मॅटवर रोज उड्या मारल्या, तर ती पहिला पावसाळाही धड काढत नाही. आमची उन्हाळ्याच्या सुट्टीत आली. दिवाळीपर्यंत तिची कडेची शिवण इतकी उसवून झाली, की शेवटी मी तिथं वेल्क्रोच लावून टाकलं.

हा खेळ मूळचा कोनामीचा, 'डान्स डान्स रिव्होल्यूशन'. १९९८ मध्ये तो जपानच्या गेम पार्लरांत आला, आणि पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर आल्यावर घरात मॅट अंथरून खेळायची सोय झाली. पडद्यावर बाण सरकत येतात, तो बाण ठेक्यावर पायाखाली दाबायचा. आम्ही कॉम्प्युटरवर स्टेपमेनिया नावाचं त्याच धर्तीचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, आणि कुठल्याही गाण्याला आपले बाण बसवता येतात.

पुतण्यानं गल्लीतल्या मिरवणुकीतली हलगी फोनवर रेकॉर्ड करून तिला बाण बसवले. सुरुवात झकास, पण अर्ध्या मिनिटात बाण एकीकडं आणि हलगी दुसरीकडं. सॉफ्टवेअर एकच वेग धरून चालतं, आणि आपला हलगीवाला रंगात आला की वेग वाढवत नेतो. मग जागोजागी बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके तो आकडा, बदलत बसावं लागलं. दोन रविवार गेले, पण आता घरात सगळ्यात जास्त तेच वाजतं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात जाता-येता मॅटवरून चालतात आणि मेनूतलं भलतंच गाणं चालू करून जातात, ते वेगळंच.

मॅट आल्या आल्या एक गोष्ट तपासा. डावा आणि उजवा बाण एकदम दाबायची उडी या खेळात सारखी येते. काही मॅट बाणांची नोंद जॉयस्टिकच्या दांड्यासारखी पाठवतात, आणि एकच दांडा एका वेळी दोन्हीकडं कसा झुकणार? दोन्ही दाबले की एकमेकांना खाऊन टाकतात. विंडोजमध्ये रनमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' टाइप केलं की चाचणीची खिडकी उघडते. दोन बाणांना दोन वेगळी बटणं पेटली तर ठेवा, नाहीतर मुदतीत परत पाठवा. ब्लूटूथ स्पीकरच्या नादाला लागू नका, आवाज मागून येतो. टीव्ही असेल तर त्याचा गेम मोड लावा, उरलेला फरक स्टेपमेनियातल्या ऑफसेटनं, म्हणजे बाण आणि आवाज जुळवायच्या सेटिंगनं, निघतो.

आता दुरुस्ती. मॅटच्या आत काहीच गूढ नाही. वर रेक्झीन, खाली प्लॅस्टिकची फिल्म, तिच्यावर काळी कार्बनची शाई, मध्ये भोकं पाडलेला फोम, परत तसलीच फिल्म. पाय पडला की भोकातून दोन्ही फिल्म एकमेकींना टेकतात, संपला विषय. बिघाडही दोनच तऱ्हेचे. एकतर बाण मरतो, नाहीतर अडकून बसतो.

आमचा खालचा बाण मेला तो घडीवर. मॅट घडी घालून ठेवली की शाईची बारीक पट्टी नेमकी तिथंच तडकते. मल्टीमीटर बझरवर ठेवून शोधू नका. कार्बनचा रेझिस्टन्स इतका असतो की धडधाकट पट्टीवरही तो गप्प राहतो. ओहमवर ठेवा आणि सगळ्या बाणांचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघा, तुटलेली पट्टी लगेच कळते. फिल्मला सोल्डरिंग आयर्न लावायचं नाही, ती क्षणात वितळते. तांब्याची चिकटपट्टी लावा, पण गोंदातूनही करंट जाणारी मागून घ्या. साध्या पट्टीचा गोंद करंट अडवतो, मग वरून कितीही छान दिसली तरी बाण मेलेलाच.

अडकलेल्या बाणाचं कारण फोम. तो दबून पातळ होतो, आणि जुलै-ऑगस्टच्या आपल्याकडच्या हवेत फिल्मला चिकटून बसतो. मी क्राफ्टवाल्याकडून दोन मिलिमीटरचा फोमशीट आणून त्याच्या पट्ट्या भोकांच्या कडेनं लावल्या. पंख्याखाली रात्रभर उघडी ठेवली, तेव्हा कुठं बाण सुटला. पावसाळ्यात मॅट घडी न घालता गुंडाळून ठेवते.

घसरण्यावर मात्र चिकटपट्टीचा इलाज टिकला नाही. गुळगुळीत फरशीवर मॅट गोळा होते, मोजे घातले तर आपणच आपटतो. म्हणून प्लायवूडचा पाया करायला उद्यमनगरात, छोट्या कारखान्यांच्या वस्तीत गेले, आणि तिथं गेल्यावर बेत वाढला. मॅटऐवजी अख्खं लाकडी पॅडच करायचं ठरलं. अकरा इंची चौकोन, खाली-वर पत्रा, मध्ये फोमटेप, वर ॲक्रिलिक. मिस्त्रींनी कागद उलटा-सुलटा करून विचारलं, "ताई, वजनकाटा हाय का काय ह्यो?" नाचायचं आहे म्हटल्यावर हसले, पण स्क्रूची डोकी प्लायमध्ये बुडवून दिली. "वर ऱ्हायलं तर पोरांच्या पायात घुसंल." कोपरेही न सांगता घासून गोल केले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

पॅडवरचे बाण कॉम्प्युटरला कळवायला आर्डुइनो लिओनार्डो हा कोड घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड घेतला, कारण तो कॉम्प्युटरला थेट कीबोर्ड म्हणून दिसतो, आर्डुइनोच्याच जुन्या उनो बोर्डाला त्यासाठी उलाढाली कराव्या लागतात. पत्रा टेकताना थरथरतो आणि एका पावलाची दोन-तीन पावलं मोजली जातात, त्यासाठी कोडमध्ये काही मिलिसेकंदांची गाळणी घातली आहे.

लाकडी पॅडचा तोटा आवाज. आमच्या खाली भाडेकरू काकू राहतात. पॅडखाली जिमवाल्या जाड फोमच्या लाद्या टाकल्या, तरी डबल उड्यांची गाणी काकूंची मालिका संपल्यावरच लावायची, असं ठरलंय. लहानांना मऊ मॅटच बरी, गुडघे फुटत नाहीत. मोठ्यांनी घाम काढायला खेळायचं असेल, तर पॅडला पर्याय नाही. आमच्या पॅडचा वरचा बाण अजून जरा जोरात दाबावा लागतो. पत्र्याऐवजी तिथं दाब मोजणारा सेन्सर बसवायचा आहे, तोपर्यंत त्या बाणावर पुतण्या टाच मारतो.