जुनी सेलर मून की क्रिस्टल? पहिल्यांदा बघणार असाल तर

पिवळ्या केसांच्या दोन लांब शेपट्या, त्यावर दोन अंबाडे आणि जरा काही झालं की भोकाड, ही सेलर मून या जपानी कार्टून मालिकेतली, रूप बदलून राक्षसांशी लढणारी शाळकरी उसागी त्सुकिनो तुम्हाला ओळखीची असेलच. त्सुकी म्हणजे चंद्र आणि उसागी म्हणजे ससा, चांदोबावरचा ससा आपल्याकडेही आहेच, शशांक हे नाव त्यावरूनच आलंय, त्यामुळे भाचीला एवढं सांगितल्यावर तिला ही जपानी पोरगी लगेच घरचीच वाटायला लागली.

प्रश्न हा की बघायची कुठली. १९९२ साली सुरू झालेली जुनी, जी १९९७ पर्यंत २०० भाग चालली, की तीच गोष्ट नव्याने सांगणारी २०१४ ची क्रिस्टल. मी आधी एकट्याने क्रिस्टल बघितली, मग भाचीसोबत जुनी, आणि मग दोघांनी मिळून परत क्रिस्टल, म्हणून थोडं बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

क्रिस्टलच्या बाजूने बरंच आहे. नाओको ताकेउची यांच्या मूळ मांगाला, म्हणजे जपानी कॉमिकला, ती कितीतरी जवळची आहे, पाल्हाळ नाही, रंग सुंदर, आणि उसागीचा आवाज दोन्हीकडे कोतोनो मित्सुइशी यांचाच. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी ती बघितली तर मी काही चूक म्हणणार नाही. पहिल्या दोन सीझनमधलं रूप बदलतानाचं कॉम्प्युटरवालं ॲनिमेशन मला बाहुलीसारखं वाटलं, पण तिसऱ्या सीझनला ते सुधारलं, तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ.

मला खटकली ती घाई. जी गोष्ट जुनीत ४६ भागांत घडते ती क्रिस्टलमध्ये १४ भागांत उरकलीये. उसागीच्या सोबत लढणाऱ्या मैत्रिणींपैकी तिथे आमी दुसऱ्या भागात येते, रेइ तिसऱ्यात, माकोतो पाचव्यात, मिनाको आठव्यात, म्हणजे एकीशी नीट ओळख होतेय तोवर दुसरी दारात उभी. जुनीत आमीच आठव्या भागात येते, तोवर उसागी एकटीच धडपडत असते, कमी मार्क, उशिरा उठणं, लूना मांजरीची बोलणी, आणि मिनाको तर थेट ३३व्यात. मैत्री व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ तिथे दिलाय. रेइ आणि उसागीची भांडणं आम्ही इतकी बघितली की भाची मधेच म्हणाली, "मामा, या दोघी खरंतर एकमेकींशिवाय राहू शकत नाहीत ना?" क्रिस्टल बघताना तिने असलं काही विचारलं नाही, ती फक्त पुढे काय होणार एवढंच विचारत होती.

आणि नारू! उसागीची शाळेतली साधी मैत्रीण, ना शक्ती ना काही, क्रिस्टलमध्ये ती जवळपास नावापुरतीच. जुनीत मात्र तिची आणि नेफ्राइटची स्वतंत्र गोष्ट आहे, शत्रूच्या बाजूचा माणूस आणि एक शाळकरी मुलगी, २४व्या भागानंतर आमच्याकडे बराच वेळ कोणी काही बोललं नव्हतं. इतका जीव लावून लिहिलेलं पात्र गाळायचं म्हणजे मला खरंच पटत नाही.

जुनीचा त्रासही आहे, तो लपवत नाही. दर भागात नवा राक्षस, रूप बदलायचा तोच सीन परत परत, आणि मधले काही भाग नुसतेच भरतीचे. कंटाळा आला तर एखादा सोडा, पण सुरुवातीचे दहा तरी सलग बघा असं मी म्हणेन. इंग्रजीत बघणार असाल तर नव्वदीतलं पहिलं डबिंग नको, त्यात उसागीची सेरेना केलीये आणि काही भाग चक्क गाळलेत, नंतरचं नवं डबिंग चांगलं आहे. मोठ्यांनी जपानीच बघावं, ते रडणं त्याच आवाजात ऐकायला हवं.

तुमची आवड वेगळी असू शकते, पण घरात आठ-दहा वर्षांचं कोणी असेल तर मी जुनीच लावेन. फक्त ४५वा भाग रात्री झोपायच्या तोंडावर लावू नका, आणि लावलाच तर ४६वा त्याच बैठकीत दाखवा, आम्ही दुसऱ्या दिवसावर ठेवला होता आणि भाची रात्री दोनदा उठून विचारायला आली होती.