टॅबवरचा मिक्सर की फेडरचा डेस्क? लाल दिवा कुठे दिसतो ते आधी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातले बरेच साउंडवाले सध्या एकाच ठिकाणी अडलेत. ॲनालॉग मिक्सर काढायचा हे पक्कं. पण त्याच्या जागी स्टेजवर ठेवून टॅबवरून चालवायचा डबा घ्यायचा, की फेडरवाला (प्रत्येक माइकचा आवाज कमीजास्त करायची सरकती दांडी असलेला) पूर्ण डिजिटल डेस्क? मी दोन्ही वापरलेत आणि एकच ठेवलाय. चॅनेल आणि इफेक्ट किती ते कॅटलॉगात असतंच. मी मीटरबद्दल, म्हणजे आवाजाची लेव्हल दाखवणाऱ्या दिव्यांच्या पट्टीबद्दल बोलतो, कारण माझा निर्णय तिथे झाला.

डब्याचं कौतुक करायलाच हवं. वजन नाही, मल्टिकोअर (स्टेजपासून मिक्सरपर्यंतची जाड केबल) ओढत न्यायची नाही, शेवटच्या रांगेत उभं राहून तिथला आवाज ऐकत मिक्स करता येतं. येळ्ळूर-कडोलीच्या साहित्य संमेलनासारखं काम असेल, म्हणजे पोडियमचा माइक आणि कविसंमेलनाला आणखी चार-पाच, तर डेस्क लागतोच कशाला? पैसेही बरेच वाचतात.

प्रश्न येतो तो कीर्तन-भजनाला. ॲनालॉगवर हात बसलेल्याला मीटरवरचं शून्य म्हणजे चांगली लेव्हल. तिथलं शून्य बहुतेक प्लस ४ डीबीयूला (डीबीयू म्हणजे सिग्नलच्या व्होल्टेजचं माप) असतं आणि त्याच्या वर साधारण १८ डीबी मोकळी जागा राहते. डिजिटलमध्ये शून्य हे छत. लाट त्याला टेकली की वरचा भाग सपाट कापला जातो, आवाज फाटतो. म्हणून बोलण्याची सरासरी उणे १८-२० च्या आसपास ठेवायची. ज्याला सवय नाही त्याला मीटर अर्धाच चढलेला बघून गेन (माइकचा सिग्नल आत येतानाच किती वाढवायचा ते) वाढवायचा मोह होतो. त्यात महाराज निरूपण संथ लयीत करतात, आणि मग एकदम ‘पुंडलिक वरदे’चा गजर, पखवाजाची थाप, टाळ, सगळं एका क्षणात. सरासरीला हिरवा असलेला माइक त्या क्षणी लाल होतो.

ही लाली कुठून आली ते कळणं महत्त्वाचं. क्लिपिंग, म्हणजे हे कापलं जाणं, प्रीॲम्पला (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्याला) किंवा त्याच्या पुढच्या ए-टू-डी कन्व्हर्टरला (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाला) झालं असेल, तर फेडर खाली ओढून काही होत नाही. फाटलेलाच आवाज कमी व्हॉल्यूमने ऐकू येतो. कन्व्हर्टरनंतरच्या डिजिटल ट्रिमनेही (आकडे झाल्यावर लेव्हल कमीजास्त करायच्या सोयीनेही) तेच. गेनच कमी करावा लागतो. उलट, आतलं गणित फ्लोटिंग पॉइंटचं (शून्याच्या वरचे आकडेही न कापता धरणारं) असेल तर मिक्स बस, म्हणजे सगळे चॅनेल एकत्र होतात ती वाट, शून्याच्या वर गेली तरी मास्टर (सगळ्यांचा मिळून शेवटचा फेडर) उतरवून सावरता येते. म्हणजे इनपुटचा लाल आणि मास्टरचा लाल यांचे इलाज वेगळे, आणि दोन्ही एका नजरेत दिसले पाहिजेत.

नेमकं इथेच माझं टॅबशी बिनसलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा स्वभाव त्या जातीच्या बऱ्याच मिक्सरांचा असावा. पखवाज घुमतोय म्हणून त्याचं ईक्यूचं (जाड-बारीक सूर कमीजास्त करायचं) पान उघडलं, की पडद्यावर फक्त पखवाज. त्याच वेळी महाराजांचा कॉलर माइक लाल मारत असतो, कानाला खरखर कळते, पण कुठला चॅनेल ते बघायला दोनदा बोट मारून मागच्या पानावर यावं लागतं. तोवर गजर संपतो, दिवा विझतो. माझ्याकडच्या त्या ॲपात लाल धरून ठेवायची सोयही नव्हती. वर वाय-फाय. जत्रेत हजारभर मोबाइल भोवती असले की मीटर अडखळत हलतात. वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर लावून पुष्कळ फरक पडला. पान बदलायचा त्रास मात्र राहिलाच.

बऱ्याच डेस्कवर प्रत्येक फेडरशेजारी छोटा मीटर आणि क्लिपचा दिवा असतो. ईक्यू कुठलंही उघडा, तो तिथेच लुकलुकतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की हात आपोआप गेनकडे जातो. नावाच्या पट्टीवर बहुतेक डेस्कना रोमन अक्षरंच जमतात, हेही आमच्याकडे सोयीचंच: मालक मराठी शाळेतला, हेल्पर कन्नड शाळेतला, तक्रार कुणाचीच नाही.

तरी डेस्क म्हणजे सगळं सुरक्षित असं समजू नका. डेस्कचं आउटपुट हिरवं असताना पुढचा ॲम्प्लिफायर लाल असू शकतो, कारण डेस्क देऊ शकतो तेवढा सिग्नल बऱ्याच ॲम्पना झेपत नाही. तिथले दिवे वेगळे बघायचे.

तुमची कामं बहुतेक भाषणांची असतील तर डबा घ्या, पैसे स्पीकरला वापरा. भजनी मंडळं, नाटकं, ऑर्केस्ट्रा असेल तर मी थोडं थांबून, सेकंडहँड का होईना, डेस्कच घेईन. कोल्हापूर-हुबळीला बघायला जाल तेव्हा स्वतःचा माइक न्या. फेडर पूर्ण खाली ओढून बोला. मीटर हलला तर तो फेडरच्या आधीचा, हवा तसा. मग लाल लागेपर्यंत गेन चढवा, दिवा किती वेळ टिकतो बघा. शेवटी दुसऱ्याच चॅनेलचं ईक्यू उघडून माइकवर जोरात एक गजर द्या. दुकानदार बघत राहील, राहू दे.