डुप्लिकेट बुश आणि ‘बसवताना तुमची चूक झाली असेल’

लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश (सांध्यातल्या लोखंड-रबराच्या नळ्या) घरी बदलले, तीन महिन्यांत स्पीड ब्रेकरवर पुन्हा कटकट सुरू झाली आणि विक्रेत्याकडे तक्रार केली, की ठरलेलं उत्तर येतं: ‘बसवताना तुमची चूक झाली असेल. वॉरंटी फक्त गॅरेजमध्ये बसवलेल्या मालाला.’ सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. गॅरेजवाल्याचा बुश गेला तर तो दुकानदाराला जाब विचारतो. घरी जॅक लावून काम करणारा माणूस मात्र आधी स्वतःवरच शंका घेतो, पैसे गेले म्हणून सोडून देतो आणि तसाच दुसरा संच मागवतो. खरं म्हणजे बुश कशामुळे गेला, हे त्या बुशवरच लिहिलेलं असतं.

हा एक नमुना घ्या. छोट्या हॅचबॅकचा संच, ऑनलाइन घेतलेला. दोन्ही लोअर आर्मचे पुढचे दोन आणि मागचे दोन, असे चार बुश. खोक्यावर गाडीच्या कंपनीचा छाप, चकाकणारा होलोग्रॅम, पार्ट नंबर अचूक, आणि भाव छापील किमतीच्या निम्मा. बाराव्या आठवड्यात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढू लागली. डावीकडचा मागचा बुश काढून हॅक्सॉने उभा कापला, तर रबर संत्र्याच्या सालीसारखं सोलून हातात आलं. आतल्या नळीचं लोखंड चकचकीत होतं. त्यावर ना रबराचा कण, ना चिकटद्रव्याचा थर.

सस्पेन्शनच्या या बुशमध्ये रबर नुसतं दाबून बसवलेलं नसतं. लोखंड आधी खरखरीत करून घेतात, त्यावर चिकटद्रव्याचा लेप देतात आणि साच्यात उष्णता आणि दाबाखाली रबर त्याच्याशी एकजीव करतात. आर्म वरखाली होतो तेव्हा आतली नळी बोल्टनं घट्ट धरलेली असते, बाहेरचं कवच आर्मच्या घरात (बुश बसायच्या भोकात) घट्ट असतं आणि मधलं रबर पीळ घेऊन परत येतं. म्हणजे बुशमध्ये काहीच घसरत नाही, फक्त रबर पिळतं. चिकटपणाच नसेल तर रबर नळीवर घासत फिरतं, आठवड्यांत ढिलं पडतं आणि ब्रेकच्या जोरानं आर्म मागे सरकून चाकाची दिशा बदलते. गाडी ओढते ती यामुळे, आणि टायरची कड एका बाजूनं खाल्ली जाते तीही यामुळे.

आता दोष कुणाचा, ते बघा. लोखंड स्वच्छ आणि रबर सलग सुटलेलं असेल, तर चूक बनवणाऱ्याची. बसवताना तुम्ही काहीही केलं असतं तरी तो बुश टिकला नसता. रबर मधूनच फाटलं असेल आणि दोन्ही लोखंडांवर रबराचा थर तसाच चिकटून असेल, तर जास्त पीळ बसला आहे. नव्या बुशमध्ये तीन महिन्यांत असं झालं, तर बहुतेक वेळा बोल्ट गाडी हवेत, चाक लोंबकळत असताना आवळलेले असतात, म्हणून गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलंच राहतं. रबर फुगलेलं, मऊ, बोटाला चिकटणारं असेल तर त्याला ऑईल किंवा ग्रीस लागलं आहे. बाहेरच्या कवचाची कड चेपलेली आणि कवच तिरपं गेलेलं असेल तर ते हातोड्याचं काम. पहिला प्रकार सोडला तर बाकी तिन्हींत विक्रेत्याला बोट दाखवायला जागा मिळते. म्हणून बसवण्याचं काम असं करा की ती जागाच राहू नये.

कामाला हात लावण्याआधी गाडी सपाट जमिनीवर उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. हा आकडा शेवटी लागणार आहे. मग मागच्या चाकांना ठोकळे आणि गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. बॉल जॉइंटची (आर्मला चाकाशी जोडणाऱ्या गोल सांध्याची) दांडी पकडणारा आडवा बोल्ट पूर्ण बाहेर काढा. तो दांडीच्या खाचेत बसतो, नुसता ढिला करून ठोकत बसलात तर रबरी टोपी फाटेल आणि जॉइंट मात्र निघणार नाही. बॉल जॉइंटही हलत असेल आणि तो आर्मलाच जोडलेला असेल, तर नुसते बुश बदलण्यात अर्थ नाही, अख्खा आर्म घ्या.

मागच्या बुशमध्ये बहुधा राजम्याच्या दाण्यासारख्या दोन पोकळ्या असतात. त्या कुठल्या दिशेला आहेत, त्याची खूण जुना बुश काढण्याआधी आर्मवर पांढऱ्या रंगानं करा आणि फोटो घ्या. नवा बुश त्याच दिशेला बसला पाहिजे. चुकीच्या दिशेला बसला तर जिथे कडक हवा तिथे मऊ होतो आणि ओरिजनल असूनही लवकर फाटतो. दाबायचा तो प्रेसवर किंवा जाड वॉशर आणि लांब बोल्टच्या जुगाडानं, पण जोर बाहेरच्या कवचावरच आला पाहिजे. आतल्या नळीवर जोर दिला की रबर आतूनच उखडतं. वंगण म्हणून साबणाचं पाणी पुरतं, ग्रीस नाही.

बुशचे बोल्ट शेवटचे आवळण्याआधी आर्मखाली, बॉल जॉइंटजवळ जॅक लावून सावकाश उचला आणि आधी लिहिलेलं अंतर आलं की थांबा. गाडी स्टँडवरून उचलली जात असेल तर तो जॅक उतरवा आणि चाकं रॅम्पवर घेऊन आवळा. टॉर्क रेंचवर (ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यावर) आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. एकदा वापरलेले लॉकनट पुन्हा लावू नका. अंतराच्या टेपसकट या क्षणाचा एक फोटो काढून ठेवा, कारण ‘हवेत आवळला असेल’ या आरोपाला तोच उत्तर देतो. नंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्या आणि त्याची पावती जपा.

हे सगळं झालं बसवण्याचं. फसवणूक मात्र बसवण्याआधीच पकडता येते, आणि त्यासाठी एक व्हर्निअर (बारीक माप घेणारी पट्टी) आणि एक शिकंजा (वस्तू घट्ट धरणारा व्हाइस) पुरतो. बुश शिकंज्यात हलकेच धरा. आतल्या नळीतून बोल्ट घाला आणि वॉशर फक्त नळीच्या तोंडावर टेकतील असे लावून नट आवळा. नळीवर आणि कवचावर मिळून एक सरळ रेघ खडूनं ओढा. आता पान्यानं दहा-पंधरा अंश फिरवा आणि सोडा. एकजीव रबर रेघ जवळजवळ जागेवर परत आणतं. चिकटवलेलं नसेल तर नळी घसरते, कधी चिरकते, आणि रेघ तुटलेलीच राहते. खोकं, होलोग्रॅम, क्यूआर कोड यांपेक्षा ही रेघ जास्त खरं बोलते. क्यूआर कोड कुणालाही छापता येतो. तो स्कॅन केल्यावर ‘ओरिजनल’ असं लिहिलेलं पान उघडलं, तरी त्या पानाचा पत्ता खरंच कंपनीचा आहे का ते वाचा.

दुसरी तपासणी मापाची. गाडीतून निघालेला जुना ओरिजनल बुश शेजारी ठेवा आणि आतल्या नळीची लांबी मोजा. ब्रॅकेटचे दोन कान बोल्टनं आवळले जातात तेव्हा ते या नळीवर टेकतात. डुप्लिकेट नळी एखाद्या मिलिमीटरनं आखूड असली की बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळूनही नळी कानांत फिरते आणि पहिल्याच दिवशी कटकट सुरू होते. बाहेरच्या कवचाचा व्यास आर्ममधल्या घरापेक्षा किंचित जास्त हवा. बुश हातानं दाबून आत गेला, तर तो परत पाठवा.

प्रेस नसेल तर आर्म लेथवाल्याकडे द्यावा लागतो. तिथे जुनाच बुश साफ करून, वर काळा रंग मारून परत देण्याचा प्रकार होतो. द्यायच्या आधी जुन्या बुशच्या कवचावर पंचनं एक बारीक टिंब मारा आणि काम झाल्यावर जुने बुश परत मागा.

पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, छापील किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असलाच पाहिजे. पॅकबंद मालाला 2011 च्या वैधमापन नियमांनी हे बंधनकारक आहे. किमतीच्या स्टिकरखाली दुसरा स्टिकर दिसला तर नखानं उचलून बघा. पाकीट फोडताना व्हिडिओ घ्या, आणि पार्ट नंबर लिहिलेलं जीएसटी बिल मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तरीही फसलात, तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यासाठी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवायला हवी: गेलेल्या बुशांपैकी कापायचा तो एकच. दुसरा न कापता, न धुता, खोक्यासकट पिशवीत सीलबंद करा आणि पिशवीवर गाडीतून काढल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहा.